गळ्यातली जुनी गाठ आणि शिरेतून आलेलं आयोडीन

माझ्या गळ्याच्या उजव्या बाजूला, थायरॉईड ग्रंथीत, गाठ आहे, हे मला पहिल्या बाळंतपणापासून माहीत होतं. ती दुखायची नाही, गिळताना अडायची नाही, फोटोत मान वर केली की तेवढी दिसायची. मधल्या वर्षांत ती तपासलीही. सुई घालून पेशी पाहिल्या, रक्त पाहिलं, सगळं साधं निघालं. ‘आहे तशी असू द्या,’ असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. त्या गाठीने त्रास दिला तो थेट सत्तरीच्या तोंडावर, आणि तिला जागं केलं ते आयोडीनने. हे सगळं कसं झालं आणि त्यातून बाहेर येताना काय काय करावं लागलं ते लिहून ठेवतेय. माझ्या वयाच्या पुष्कळ बायकांच्या गळ्यात अशी गाठ असते आणि त्यांतल्या कुणाला तरी उद्या सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायला सांगतील.

माझं माहेर शहाद्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तेव्हा तो सगळा धुळे जिल्हा. नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. लहानपणी बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्या बायकांमध्ये गळा सुजलेल्या बायका दिसायच्या. कुणाची सूज लिंबाएवढी, कुणाची हनुवटीखाली लोंबणारी. आम्हा मुलांना त्यात वेगळं काही वाटायचं नाही. डोंगरउताराची जमीन वर्षानुवर्षं पावसाने धुपते आणि तिच्यातलं आयोडीन पाण्याबरोबर निघून जातं. मग त्या जमिनीतलं धान्य, भाजी, तिथे चरणाऱ्या गुरांचं दूध, सगळ्यातच ते कमी पडतं. मीठ असायचं पोत्यातलं खडेमीठ. समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं अजूनही पुष्कळजण मानतात. प्रत्यक्षात मिठागरात पाणी आटून खडा धरतो, तेव्हा त्या खड्यात आयोडीन नावालाही उरत नाही. त्यात आमची रोजची भाकरी बाजरीची. आयोडीन मुळात अपुरं आणि ताटात मुख्य बाजरीच, असं असेल तर बाजरीतले काही घटक थायरॉईडच्या कामात आणखी आडवे येतात. (भाकरी मी आजही खाते. पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या माणसाने तिला घाबरायचं कारण नाही.)

मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. इतकं कमी, की चिमटीत धरता येणार नाही. पण थायरॉईडच्या थायरॉक्सिन या हार्मोनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, त्यामुळे तेवढंही मिळालं नाही की ग्रंथीचं काम अडतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून तिच्यामागे लागते, ‘हार्मोन कर, हार्मोन कर’ म्हणून. ग्रंथी वाढते, पेशींवर पेशी होतात, आणि अशी वीस-तीस वर्षं गेली की त्या वाढीत गाठी धरतात.

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तो आमच्या पोत्यापर्यंत पोचायला मात्र फार वर्षं लागली. बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठावर देशभर बंदी आली १९९७ मध्ये, ती २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये परत लागू झाली. माझ्या स्वयंपाकघरात कायमचं पिशवीतलं आयोडीनचं मीठ आलं तोवर माझी मुलं मोठी झाली होती आणि माझ्या गळ्यात जे घडायचं ते घडून गेलं होतं.

आता मूळ गोष्ट. पोटात वरचेवर दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाजवळ काहीतरी दिसतंय, कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध देऊन करायचा सीटी स्कॅन करून घ्या, असं सांगितलं गेलं. तो करणं गरजेचंच होतं, आणि देवाच्या दयेने त्यात काळजीचं काही निघालं नाही. स्कॅनआधी एक फॉर्म भरून घेतला. दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. थायरॉईडबद्दल एकच प्रश्न होता: गोळी चालू आहे का? गोळी चालू नव्हती, मी ‘नाही’ लिहिलं. गळ्याला हात कुणी लावला नाही. शिरेतून औषध गेलं, अंगभर ऊब पसरली, तोंडाला धातूची चव आली, आणि झालं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी बारीक होऊ लागले. जेवण नेहमीसारखंच होतं. सोसायटीतल्या बायका कौतुक करायला लागल्या, काय करता म्हणून विचारायला लागल्या. नाशिकच्या थंडीत मला शाल नकोशी झाली. दिवसातून तीन-तीनदा शौचाला जावं लागे. सगळ्यात चमत्कारिक वाटायचं ते मांड्यांचं: देवापुढे पाट मांडून बसले की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचे. रात्री उशीवर कान टेकला की छातीतली धडधड ऐकू यायची, तीही एका लयीत नाही, कधी घाईत, कधी अडखळत. आणि एक औदासीन्य आलं. कुणाशी बोलू नये, फोन उचलू नये, असं वाटायचं.

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर वय झालंय, विचार फार करता, झोप नीट लागली की बरं वाटेल, असं सांगून झोपेची गोळी दिली. याचा मला आजही राग आहे. हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईड अति चालणं, म्हटलं की डोळे मोठे झालेली, सारखी बोलणारी, चिडचिड करणारी तरुण बाई डोळ्यांपुढे येते. म्हातारपणी तसं दिसतंच असं नाही. बाई गप्प होते, वाळते, थकते. कधी लक्षण म्हणून फक्त हृदयाची लय बिघडलेली असते. अशा वेळी ‘वय झालं’ म्हणायच्या आधी रक्ताची एक साधी तपासणी करायला काय हरकत आहे?

ती तपासणी शेवटी लेकीने करायला लावली. टीएसएच ०.०१ च्या खाली, म्हणजे जवळपास नाहीसा, आणि टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, वाढलेला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय. लेक तशीच मला थायरॉईडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर वयाने माझ्या लेकीएवढ्याच. त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवले, माझ्या मागे उभ्या राहिल्या, गळा दोन्ही हातांनी चाचपला आणि पाणी प्यायला लावून परत चाचपला. मग विचारलं, “मावशी, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठला सीटी स्कॅन, अँजिओग्राफी असं काही झालंय का?” मी स्कॅनचं सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं, “लहानपण कुठे गेलं तुमचं?” शहादा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि कागद ओढून आकृती काढायला घेतली.

त्यांनी सांगितलेलं मला नीट समजलं, कारण माझं सगळं आयुष्यच त्या आकृतीत होतं. वर्षानुवर्षं आयोडीनची उपासमार सोसलेल्या ग्रंथीतल्या काही गाठी पुढे स्वतंत्र होतात. पिट्युटरीचं ऐकणं त्या सोडून देतात, टीएसएच असो वा नसो, आपल्या मनाने हार्मोन करत राहतात. आयोडीन बेताचं मिळतंय तोवर त्यांचं उत्पादनही बेताचं राहतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. एकदम भरपूर आयोडीन आलं की त्यांना कच्चा माल मिळतो आणि थांबवणारं कुणी नसतं. निरोगी ग्रंथी आयोडीनचा असा लोंढा आला की काही काळ आपलं काम आपणच आवरते. स्वतंत्र झालेल्या गाठीला तो आवर नसतो.

लोंढा केवढा, तेही त्यांनी सांगितलं. कॉन्ट्रास्टच्या एका डोसात आयोडीनच असतं तीस ग्रॅमच्या घरात. त्यातलं जवळजवळ सगळं रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि लघवीवाटे तसंच निघून जातं. पण जे थोडं सुटं असतं, तेही १३,५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. दिवसाला १५० च्या हिशेबाने ते नव्वद दिवसांचं आयोडीन होतं, काही मिनिटांत शिरेतून गेलेलं.

नंतर मी यावर जे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा टास्मानियाचं उदाहरण सापडलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं हे बेटही आयोडीनच्या तुटवड्याचं. तिथे १९६६ मध्ये पावात आयोडीन घालायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर तिथे थायरॉईड अति चालण्याचे रुग्ण वाढले. त्यांत उतारवयातले, जुन्या गाठी बाळगणारे लोक पुष्कळ होते. काही वर्षांनी ती लाट ओसरली. नव्या पिढीच्या गळ्यांत तशा गाठी तयारच झाल्या नाहीत. हे वाचल्यावर मला शहाद्याच्या बाजारातल्या त्या बायका आठवल्या. मिठातलं आयोडीन त्यांच्या नातींना लाभलं. ते उशिरा आलं ते आमच्या पिढीसाठी.

उपचाराचा पहिला टप्पा गोळ्यांचा. नवं हार्मोन तयार होणं थांबवायला कार्बिमॅझोल, धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर, आणि लय बिघडलेल्या हृदयात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, लेकीला सांगितलं आणि कागदावरही लाल पेनाने लिहिलं. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी या गोळीने धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. मला सुरुवातीला अंगाला खाज सुटली, तेवढ्यावर निभावलं.

हृदयाच्या डॉक्टरांनीही एक मोलाची गोष्ट केली. लय ताळ्यावर आणायला अमिओडॅरोन नावाचं औषध नेहमी वापरलं जातं. त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीन असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम. त्यांनी आधी थायरॉईडच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते औषध टाळलं. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले तर पेशंटचं किती दुःख वाचतं!

गोळ्यांनी लगेच उतार पडला नाही. आयोडीनने गच्च भरलेल्या ग्रंथीत तयार हार्मोनचा साठाही मोठा असतो, तो संपेपर्यंत धीर धरावा लागतो. त्यातच तपासणी झाली आणि हाडं अपेक्षेपेक्षा विरळ निघाली. पाळी गेल्यावर हाडं तशीही झिजतात, त्यात थायरॉईड अति चाललं की झीज आणखी वेग घेते. मग कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व सुरू झालं.

थायरॉईडचा स्कॅनही लगेच करता येत नव्हता. बाहेरून आलेल्या आयोडीनने ग्रंथी तृप्त असते, ती स्कॅनचं औषध घेत नाही, चित्र कोरं येतं. कॉन्ट्रास्टनंतर निदान सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. माझ्या बाबतीत जास्तच गेले. स्कॅन झाला तेव्हा उजवीकडची गाठ पडद्यावर ठळक पेटलेली आणि बाकी ग्रंथी मंद, जवळपास झोपलेली. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले, ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन गाठ आतून निकामी करणं. हृदयाचं पाहता मी दुसरा निवडला.

त्याआधी दोन आठवडे आयोडीन कमी असलेलं जेवण जेवायचं होतं. हे लिहायला सोपं आहे, करायला नाही. दुकानात बिनआयोडीनचं मीठ मागितलं की दुकानदार चमकून बघतो. सैंधव मिळतं, पण हल्ली काही कंपन्या सैंधवातही आयोडीन घालतात, म्हणून प्रत्येक पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचावी लागली. दूध, दही, पनीर बेताचं, अंड्याचा बलक बंद, समुद्राचे मासे बंद. पाव, बिस्किटं, फरसाण, लोणचं, पापड, म्हणजे दुसऱ्याच्या हातच्या मिठाचं जे काही असेल ते बंद. भात, भाकरी, डाळ, भाज्या, फळं, आणि सगळं घरात शिजवलेलं. आमच्या ह्यांनीही ते दिवस माझ्याच चवीचं जेवण जेवलं. या पथ्यामागचा हेतू ग्रंथीला आयोडीनची भूक लावणं हा असतो, म्हणजे औषधातलं आयोडीन ती हपापून ओढून घेते. ज्या भुकेने माझ्या गळ्यात गाठ धरली, तीच भूक डॉक्टर आता मुद्दाम आणि मोजून तयार करत होते. हे मला कळलं तेव्हा त्या अळणी जेवणाबद्दलची तक्रारच संपली.

रेडिओआयोडीन म्हणजे आयोडीन-१३१. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत ते तयार होतं. दर आठ दिवसांनी त्याचं किरणोत्सारी बळ निम्मं होतं. शिशाच्या जाड डबीतून एक साधी कॅप्सूल निघाली, ती पाण्याबरोबर गिळली. दुखलं नाही, खुपलं नाही. कार्बिमॅझोल काही दिवस आधीपासून बंद केलेलं होतं. माझ्या आजाराचा डोस लहान, म्हणून त्याच दिवशी घरी सोडलं.

घरचे नियम कडक होते. वेगळी खोली, वेगळं अंथरूण, वेगळा टॉवेल. भरपूर पाणी प्यायचं, संडासात दोनदा पाणी सोडायचं, कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या जवळ बसायचं नाही. धाकटी नात त्या काळात तिच्या आजोळी पाठवली. आपल्या घरात किरणं घेऊन बसलोय ही भावना जड असते, हे मी मोकळेपणाने सांगते. पण शरीरात उरलेलं बहुतेक लघवीवाटे जातं आणि बाकीचं आपोआप क्षीण होत जातं. मुदत संपली, नात परत आली.

रेडिओआयोडीनचा परिणाम हळूहळू होतो. काही महिन्यांत टीएसएच वर आला, हृदय लयीत परतलं, मांड्यांत बळ आलं. मग टीएसएच आणखी वर सरकला, पाचाच्या पुढे. लेक घाबरली, आता थायरॉक्सिनची गोळी कायमची लागणार म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, “मावशींच्या वयाला हा आकडा चालतो.” वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर राहतो, सत्तरीनंतर चार ते सहाच्या दरम्यान असला तर त्यामागे लागायचं नसतं. २०१७ मध्ये पासष्टीपुढच्या माणसांवरचा एक मोठा युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. टीएसएच किंचित वाढलेला पण हार्मोन नॉर्मल असलेल्यांना गोळी देऊन थकवा किंवा इतर त्रास काही कमी झाला नाही. उलट या वयात गोळी जास्त झाली तर हृदयाची लय आणि हाडं, दोन्ही परत धोक्यात. हे दोन्ही मी भोगलेलं, त्यामुळे गोळी न घेण्यासाठी मला समजवावं लागलं नाही.

माझं ऐकून सोसायटीतल्या दोघीतिघींनी घरातलं मीठच बदललं. आयोडीनच्या मिठाने थायरॉईड होतो, असा निरोप मोबाइलवरही फिरत असतो. त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन मी हिशेब मांडला. गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मिठात आयोडीन असावं लागतं किमान १५ पीपीएम, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर त्यातून मिळतं ७५ च्या आसपास, त्यातलंही काही शिजवताना उडून जातं. एवढ्याने पूर येत नाही. मीठ कमी खा, रक्तदाबासाठी ते चांगलंच. पण जे खाल ते आयोडीनचंच खा, विशेषतः घरात सून गरोदर असेल तर. घाबरायचंच असेल तर समुद्री शेवाळाच्या त्या गोळ्यांना घाबरा, ज्या ‘थायरॉईडसाठी नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. त्यांत आयोडीन किती, याचा अनेकदा पत्ता नसतो. एकीच्या कपाटातून मी तशी बाटली स्वतः काढली आणि तिच्या मुलाकडून डॉक्टरांना दाखवायला लावली.

मधे माझ्या थोरल्या बहिणीला अँजिओग्राफी करायला सांगितली. तिच्या गळ्यातही गाठ आहे, एकाच घरात एकाच पोत्यातलं मीठ खाऊन वाढलो आम्ही. अँजिओग्राफीतही तेच आयोडीनचं औषध जातं. मी भाच्याला फोन करून सांगितलं, आधी टीएसएच करून घे आणि गाठीबद्दल डॉक्टरांना तूच सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. टीएसएच ०.२ आला, नेहमीपेक्षा खाली, म्हणजे गाठ स्वतःच्या मनाने चालायला लागलेली होती. अँजिओग्राफी टाळता येण्यासारखी नव्हती, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी थायरॉईडच्या डॉक्टरांचं मत घेतलं. कार्बिमॅझोल आधी सुरू करून मग अँजिओग्राफी केली, गोळी नंतरही काही आठवडे चालू ठेवली, आणि रक्त दर महिन्याला पाहिलं. ताईचा टी-फोर एकदाही वाढला नाही. आता तिचा थायरॉईड स्कॅन व्हायचाय, आणि त्याआधीचं अळणी जेवण करायला मी शहाद्याला जाणार आहे.